खोली

तुर्कूच्या बंदरामागे, जुन्या जकात-कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
आमच्या संघटनेची खोली आहे.
सभासद एकेचाळीस, खुर्च्या छत्तीस,
आणि फक्त राइलीचं ऐकणारं कॉफीचं यंत्र.
आम्ही समुद्राचा तळ मोजतो.
आमच्या धंद्यात मतं नसतात, मीटर असतात,
असं मी घरी सांगत आले होते.

नोव्हेंबरात मंत्रालयाचा मसुदा आला. चार पानं.
दहा मीटरहून बारीक अंतरावरच्या खोलीच्या रेषा
यापुढे सार्वजनिक नकाशांतून वगळाव्यात.
कारण : राष्ट्रीय सुरक्षा.
हरकती तीस दिवसांत.

साडेतीनलाच अंधारलं होतं.
बेर्टेल एकब्लम काठी टेकून उठला.
'पाण्याखालून आलेले मी ऐकलेत,' म्हणाला,
'हेडफोनवर, तीन रात्री.
शेजारच्या खोलीत कुणी सावकाश
कडक पाव चावत बसावं, तसा आवाज.
त्यांना थांग लागला नाही म्हणून ते परत गेले.
आता तुम्ही तो छापून विकणार,
आठ युरोला?'

कुणी हसलं नाही.
खिडकीची काच जहाजाच्या भोंग्यानं थरथरली.

राइली उठली नाही. कप भरता भरता बोलली :
'माझा भाऊ ज्या खडकावर गेला
तो तीन मीटर साठवर होता.
नकाशात तिथे निळा रंग होता.
नुसता निळा.'
मग तिनं विचारलं, साखर कुणाला?

इल्पो म्हणाला, धोरण हे हेलसिंकीचं काम.
आपण मोजावं, कळवावं, खोलात शिरू नये.
खोलात शिरू नये!
पाणबुड्यांच्या गावात तीस वर्षं काढलेला माणूस
हे म्हणाला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला :
'मोजलेलं न सांगणं
हेही धोरणच झालं.'

इतिवृत्त मी लिहीत होते.
मी लिहिलं, 'एक सभासद म्हणाला.'
म्हणाली लिहायला हवं होतं.
ती मीच होते.

मतदान हात वर करून.
हरकत घ्यावी : एकोणीस.
घेऊ नये : सोळा.
बेर्टेलचा उजवा हात अर्ध्यावर येऊन थांबला होता,
दोन्ही वेळा.
झटक्यानंतर तो तेवढाच उठतो
की त्यानं तेवढाच उचलला,
हे कुणी विचारलं नाही.
तटस्थांत मी त्याचं नाव घातलं
आणि ते शुद्ध लिहिलंय ना
एवढं दोनदा पाहिलं.

जानेवारीत उत्तर आलं. दीड ओळ.
'आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.'
राइलीनं ते कॉफीच्या यंत्रावर चिकटवलं,
वाफेनं आता त्याची शाई पसरलीय.

इथे जमीन वर येत असते.
बर्फाचं ओझं उतरून दहा हजार वर्षं झाली
तरी तिची पाठ अजून सरळ होतेय,
वर्षाला चार-पाच मिलिमीटर.
आजीच्या लहानपणी जिथे होडी बांधत
तिथे आता आमची मुलं सायकल शिकतात.
तीन मीटर साठ आता तेवढं राहिलेलं नाही.
कुठल्या तिजोरीत ठेवलं तरी.

मे महिन्यात बर्फ गेलं, आम्ही बोट काढली.
आता वहीत दोन रकाने असतात,
एक छापायचा, एक कुलपातला.
मी लिहिते, राइली पडद्यावरून वाचते.
वाचते मोठ्यानं. नोंदीसाठी मोठ्यानं वाचावं
असा नियम आहेच, जुना.
किती मोठ्यानं ते नियमात नाही.

सात पूर्णांक दोन.
पाच पूर्णांक नऊ.
समोर कोळ्यांच्या दोन होड्या, जाळी ओढत.
एकातल्या म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं
आणि टोपी कानावरून वर सरकवली.

तीन पूर्णांक चार, राइली वाचते.
मी कुलपातल्या रकान्यात लिहिते.
वारा आमच्याकडून त्यांच्याकडे.