पांढऱ्याला शाई लागत नाही

बोरा बाजारात, दुसऱ्या माळ्यावर,
चव्वेचाळीस इंची प्रिंटर आणि मी.
एसी त्याच्यासाठी. मला पंखा.

हिल्लाबाई दुबाश जिना चढून आल्या,
वय एकाहत्तर, दर सहा पायऱ्यांना थांबत,
पर्समधून हार्ड डिस्क काढली
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली.
"केणी, बारा दिवस बोटीवर होते, पार वरती, बर्फात.
चार हजार फोटो. हसू नको ने."

हसलो नाही. उघडले.

पहिले सहाशे नुसता कठडा,
धुकं, कुणाचा तरी लाल जॅकेटातला खांदा,
एक काळा ठिपका, त्यावर बाईंचं बोट:
"हा वॉलरस."
मग अस्वल.
अस्वलाची पाठ. अस्वलाची पाठ.
अस्वलानं मान वळवली तेव्हा
बोटीवरचे सगळे एकदम डावीकडे धावले
आणि फोटोत आलं आकाश.

पण एक सापडलं, धड, नाकासकट.

लोकांना वाटतं पांढरा रंग कुठल्यातरी डबीत असतो.
डब्या बारा आहेत, पांढरी एकही नाही.
पांढरं म्हणजे यंत्र जिथं गप्प बसलं तो कागद.
अस्वलाला मी जवळजवळ हात लावत नाही,
त्याच्या भोवतीचं थंड, निळं, मळकं छापत जातो
आणि ते उरतं.
बर्फाहून किंचित पिवळं,
जुन्या पेटीच्या पट्टीसारखं.
"अजून पिवळं," बाई म्हणाल्या.
चाळीस वर्षं मोतीबिंदू काढले त्यांनी.
"पट्टी सोडली की पेशंट काय बोलतो, ठाऊक?
भिंतीला रंग कधी दिला?
भिंत तीच असते."

तीन चाचण्या फुकट गेल्या.
(एक अजून प्रिंटरखाली आहे, ओल येते म्हणून.)
चौथीला त्यांनी मान हलवली, मग म्हणाल्या,
हे नातवाला.
माझ्यासाठी तीन हजार एकशे आठ काढ.

तीन हजार एकशे आठ:
शेवाळं, गोटे, वितळलेल्या बर्फाची ओल,
मधोमध, जरा हललेला, मुठीत मावेल असा पक्षी.
पाठ विटकरी.
"सगळे उतरून रेनडिअरच्या मागे गेले.
माझे गुडघे हे असे. बसले दगडावर,
बंदूकवाल्या पोराच्या बाजूला.
हा आपणहून आला."

मी ओळखला. लगेच नाही,
रंग चुकीचा होता. मी तो करडाच पाहिलाय,
शिवडीला, घरामागच्या चिखलात, ओहोटी लागली की,
मोडीत काढलेल्या बोटींच्या सांगाड्यांखाली
शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक चालणारा.
टिलवा.
रविवारी माणसं गाड्या करून येतात,
हाताएवढी लेन्स, सगळ्या फ्लेमिंगोंवर रोखलेल्या.
टिलवा येतो तो फ्लेमिंगोच्या पायाशी, चुकून,
आणि छापण्याआधी मीच कितीदा
डाग समजून तो पुसलाय.

हे बाईंना सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, हा आमचा आहे. शिवडीचा.
"अरे वा! अंडी तिकडे घालतो, आणि तुमचा?"
असेल, म्हटलं.
भाडं दोन्हीकडे भरत असेल.

त्या हसल्या, खोकल्या, पाणी प्यायल्या,
भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ऑगस्टची अखेर.
"मग आता कुठे असेल?"
वाटेत, मी म्हणालो,
आणि दोघंही थोडा वेळ
खिडकीबाहेरच्या वायरींकडे बघत बसलो
जसा तो तिथूनच जाणार होता.

त्या गेल्यावर विटकरी नीट लावून घेतला,
मऊ कागद चढवला, फाईल मोठी केली.
पक्ष्याच्या मागे, गोट्यांपाशी,
अजून एक ठिपका होता, करडा, अस्पष्ट.
सेन्सरवरची धूळ असेल.
माऊस त्यावर नेला.

राहू दिला.