खण अकरा

मे महिन्यात स्वेटर हातावर टाकून निघते मी,
सोसायटीचा वॉचमन आताशा हसत नाही.
रात्रीचे दोन चाळीस. मोबाईलवर एक ओळ:
शेल्फ तीन, खण अकरा, निकामी.

पाटोच्या पुलाखाली ओहोटी.
चिखलाचा वास लिफ्टपर्यंत सोबत येतो
आणि दुसऱ्या दाराशी थांबतो.
आत अठरा अंश, पंख्यांची एकच पट्टी,
हिरव्या दिव्यांच्या रांगा,
त्यात एक केशरी.

राखीव डिस्क मार्चमध्येच खर्ची पडली.
नवीनच्या फायलीवर वित्त खात्याचा शेरा:
गरज स्पष्ट करावी.
ही शेवटची, माझ्या टेबलाच्या खणात
फोममध्ये गुंडाळून ठेवलेली,
शिक्के आणि स्टेपलरच्या पिनांखाली.

या कपाटात अख्ख्या गोव्याची जमीन आहे.
एक-चौदाचे उतारे, म्हारवडांचे नकाशे,
पोर्तुगीज वळणाचे, वाळवीनं चाळण केलेले दस्त,
कुणाचा विहिरीतला अर्धा हिस्सा,
आणि सावईवेऱ्याचं आमचं कुळागर,
ज्यासाठी काका आणि बाबा
एकोणीस वर्षं एका बाकावर बसले नाहीत,
कोर्टातसुद्धा.
ते कुळागर इथं चोवीस डिस्कवर
चिमूट चिमूट सांडलंय.
कुठल्याच एकीत एक अख्खी पोफळ नाही.
एक गेली तर उरलेल्या हिशोब मांडून
तिचा वाटा पुन्हा काढतात.
दोन गेल्या तरी काढतात.
तिसरीला माफी नाही.

ब्राझबाबनं शिकवलं मला हे सगळं.
बाय, शून्यासावन मेज, म्हणायचा,
बोट खणावर ठेव, आकडा मोठ्यानं म्हण,
दिवा लुकलुकव,
मागीर परत म्हण.
एका पावसाळ्यात दोन डिस्क आधीच गेलेल्या असताना
तो माणसासारखा मोजायला गेला, एकपासून,
आणि अकरावी म्हणून धडधाकट दहावी ओढली.
चार दिवस टेपा. खिडकीवर पाटी: यंत्रणा बंद.
पगारवाढ गेली, ते तो सांगतो.
त्या चार दिवसांत जेवला नाही, ते त्याची सून सांगते.
आता दिवाडीला असतो. फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या
अजून शून्यापासून मोजतो.

अकरा, म्हणाले मी.
पंख्यांनी ऐकलं.
दिवा लुकलुकला. अकरा.
खिटी दाबली, दोन बोटं बाहेर ओढून थांबले,
आतलं फिरणं निवायला अर्धं मिनिट लागतं.
घाई झाली माझी. हातात घेऊन वळवली
तर तिनं मनगट ढकललं,
नको म्हणणाऱ्या पोरासारखं.

मग नवीन. मग टक्के.
चार. नऊ.
यात करण्यासारखं काही नसतं,
थर्मासमधला चहा, आणि कुणाला सांगता न येणारं बसून राहणं.
एकसष्टला खण सात अडखळला,
दोन जागा वाचता आल्या नाहीत, असं म्हणाला,
पुन्हा वाचल्या.
मी रात्रीची सगळी कामं थांबवली,
अहवाल, प्रती, कुणा साहेबाचा तक्ता.
जे चाललंय तेवढंच चालू दे.

साडेनऊला खिडकी उघडली.
धारबांदोड्याची एक बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत
घडी झिजलेला कागद.
आज सर्व्हर स्लो गो?
थोडासा, म्हणाला काउंटरवरचा सूर्यकांत.
तेव्हा ब्याण्णव होते.

गेलेल्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवली, तारीख, खण.
ती कंपनीला परत जात नाही,
मळ्यातल्या रोहिदास मेस्ताच्या ड्रिलखाली जाते,
पंचासमक्ष, तीन भोकं.

बाहेर आले तर ऊन अंगावर आलं
आणि स्वेटर अजून अंगातच.
पुलावरून फोन लावला.
ब्राझबाब, अकरावी बदलली.
पलीकडे कोंबड्या, फेरीचा भोंगा,
बराच वेळ नुसताच श्वास.
मग अगदी हळू:
खंयची इकरावी, बाय?