उसनं विरजण

नेदेल्या गेली आणि फ्रिजच्या खालच्या फळीवर
तिनं शेवटचं लावलेलं दही उरलं,
निळ्या झाकणाची बरणी, अर्धी.
रादोयनं ती नऊ दिवस उघडली नाही.
दहाव्या दिवशी उघडली.
वर पिवळसर निवळी, खाली अजून घट्ट,
चमचा उभा राहील इतकं.

बाहेर रोदोपीच्या उतारांवर बर्फ विरघळत होतं.
गावात बस आठवड्यातून दोनदा यायची,
ती बस दुरुस्त करण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली.
इंजिनाला कान लावला की कळायचं
कुठला पिस्टन रुसलाय.
दूध मात्र त्याच्याशी कधी बोललं नव्हतं.

त्यानं मेंढीचं दूध तापवलं,
उतू जाऊ दिलं, शेगडी पुसली,
आणि वाफा निघत असतानाच
तिचं दही त्यात ओतलं. सगळंच.
थोडं मागे ठेवायचं असतं
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
सकाळी पातेल्यात फाटकं, पाणचट दूध.

आपण म्हणतो, आनंदावर विरजण पडलं.
कुणी पाडला असेल हा वाक्प्रचार?
ज्याला दूध जन्मभर दूधच हवं होतं त्यानं, नक्की.
रादोयच्या दुःखावर त्या रात्री
विरजण पडायला हवं होतं,
आणि पडलं नाही.

आपण काय मारलं हे त्याला ठाऊक नव्हतं.
काही काड्यांसारखे, काही मण्यांच्या माळांसारखे,
हा त्याला खाऊ घालतो, तो ह्याला,
आणि दोघांच्या संसारातून दूध जमतं.
नेदेल्याच्या आईच्या मडक्यातून,
त्याआधी आईच्या सासूच्या,
रोज दोन चमचे मागे राहत राहत
इथवर चालत आलेले.
ती स्वतः आता चर्चमागच्या मातीत.
तिथं त्यांचेच कुणी चुलतभाऊ
सावकाश, न दुखवता
तिला गवतापर्यंत पोचवताहेत.

जूनमध्ये तण काढताना
घेवड्याचा एक वेल मुळासकट हाती आला.
मुळांवर गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
रोग, तो म्हणाला, हाही गेला.
कुंपणापलीकडून फातमे आली,
एक गाठ नखानं फोडून दाखवली,
आत गुलाबी.
"रोग कसला? भाडेकरू आहेत हे.
हवेतलं खत काढून देतात,
वेल त्यांना साखर देतो. परत पुरून टाक."
मग त्याच्याकडे बघून,
"तू काय खातोस रे हल्ली?"
"दुकानातलं दही."
"कसं लागतं?"
"झाकणासारखं."

फातमे घरात गेली ती कप घेऊन आली,
वर बशी झाकलेली.
"माझं एकदा बिघडलं होतं, मुलगा झाला त्या वर्षी.
तुझ्या बायकोकडून आणलं.
तेव्हापासून हेच चाललंय.
तुझ्याच घरचं आहे, लाजू नकोस."

दिवस कलला होता.
तिन्हीसांजेला विरजण देऊ नये म्हणतात आपल्याकडे.
फातमेला हे माहीत नव्हतं,
देव तिचं भलं करो.

"करंगळी बुडव, दहा मोज,
चटका बसला तर थांब."
त्यानं मोजले. आठवर हात काढला. थांबला.
पुन्हा मोजले.
पातेलं वर्कशॉपच्या जुन्या जाकिटात गुंडाळलं,
अजून ग्रीसचा वास येत होता त्याला.
एकाच ताटात इतकी वर्षं जेवून
दोघांच्या आतड्यांत कदाचित एकच गाव वसलं होतं.
त्यातलं अर्धं गाव अजून जागं होतं, भुकेलं.

रात्री दोनला उठून
त्यानं जाकिटाला कान लावला.
काही ऐकू आलं नाही.
पण कुठला पिस्टनही रुसलेला नव्हता.

सकाळी आधी निळ्या झाकणाच्या बरणीत
दोन चमचे काढून ठेवले.
मग खाल्लं, उभ्यानंच,
पातेल्यातून.