आपल्या घरापुरती रात्र

लॅमिंग्टन रोडवरून संबोधीनं आणलं
कागदाच्या पुडीत, बडीशेपेसारखं:
दोन सेन्सर, पाच एलईडी, मूठभर रेझिस्टर,
आणि पत्त्याएवढी एक निळी पाटी.

मी वायरमन. सव्वीस वर्षं
दोनशेतीस व्होल्टशी संसार.
पाच व्होल्ट म्हटल्यावर हसूच आलं,
एवढ्यानं झुरळसुद्धा दचकणार नाही.

ती म्हणाली, पप्पा, पट्टे वाचा.
तपकिरी, काळा, नारिंगी.
कपाळावरचा चष्मा खाली घेतला
तरी नारिंगी मला लालच दिसला.

सेन्सर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा,
तोंडावर नागमोडी रेघ.
उजेड पडला की वाट सोडतो,
अंधारात अडून बसतो
रुसलेल्या जावयासारखा.

पुस्तकात होतं: तीनशेच्या खाली रात्र समजावी.
तिनं तसंच लिहून दिलं, केबल जोडली,
आणि दिवा लागला.
सकाळचे अकरा वाजले होते.

तिनं वायरी उपटून पुन्हा खोचल्या.
मी टेस्टर घेऊन उगाच उभा.
चूक काहीच नव्हती.
मानखुर्दच्या ह्या सात मजल्यांत आम्ही दुसऱ्यावर,
समोरची बिल्डिंग हात लांब केला की लागेल,
खिडकीत आभाळ नाही, पाइप आहेत.
आकडा: एकशे चौऱ्याऐंशी.
नऊ वर्षं ट्यूबलाइट लावून सकाळचा चहा प्यायलो,
कुणी असं आकड्यात सांगितलं नव्हतं.

"मग रात्रच खाली आणू," ती म्हणाली,
"आपल्या घरापुरती."
आणि तीनशे खोडून तिनं नव्वद लिहिलं.
दिवा विझला.

बारा चाळीसला आकडा उडाला. सहाशे अकरा.
लूज कनेक्शन, मी म्हटलं. सवयीचं उत्तर.
ती खिडकीशी गेली, मान वाकडी केली.
समोर वर, पाचव्या मजल्यावर,
कुणीतरी घासलेली परात ग्रिलला टेकवलेली.
तिच्यावरून घसरत ऊन
आमच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीपर्यंत.
सहा मिनिटं.
मग पुन्हा एकशे नव्वद.

रोज येत असेल. दुपारी
आम्ही असतो कधी घरात?

पुढच्या रविवारी दोघं आकड्यासमोर बसलो.
एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे शहाऐंशी.
एक वाजून गेला.
पाहुणे आले असतील त्यांच्याकडे,
परात अजून खरकटी असेल.
थांबू ना पप्पा, अजून पाच मिनिटं.

मी तोवर पुडीतला एक रेझिस्टर उचलला.
तपकिरी, काळा,
आणि हा, बघ गं,
हा तरी लालच ना?