सजीवांची ओळख, श्रेयांक दोन

शनिवारी इतिहासाच्या तासानंतर
बी.ए. भाग एकची एकोणतीस मुलं
प्रयोगशाळेच्या दारात चपला काढतात.
मी सांगते, इथे चपला चालतात.
तरी काढतात.

नव्या धोरणात यांना विज्ञानाचा एक पेपर घ्यावाच लागतो.
भूगोलाच्या सरांकडे जागा उरली नव्हती,
म्हणून हे माझ्याकडे.
मी तासिका तत्त्वावर. दिवाळीपासूनचं मानधन निघायचं आहे.
सूक्ष्मदर्शक दोन, एकाला भिंग नाही.
दुसरा उन्हावर चालतो:
ऊन सरकेल तसं रुपचंदभाऊ टेबल सरकवतात,
साडेतीनला ऊन पाण्याच्या टाकीमागे जातं
आणि जीवशास्त्र संपतं.

कांदा नाशिक शहारेच्या डब्यातला.
(त्याचं नावच नाशिक आहे. कांद्याचा विनोद
त्यानेच सगळ्यांच्या आधी करून टाकला.)
पापुद्रा सोलला, आयोडीनचा थेंब सोडला.
एकेक जण वाकतो, दुसरा डोळा तळहाताने झाकून,
श्वास रोखून, जणू आतलं काही उडून जाईल.
खेमराज कापगते म्हणाला,
बांध्या दिसून राहिल्या मॅडम. धानाच्या.
धुरे पण आहेत.
पुस्तकात विटांसारख्या असं लिहिलंय.
मी फळ्यावरच्या विटा पुसल्या.

मग लक्षणं. हालचाल, श्वसन, वाढ, प्रजनन.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
आन् कोठीतलं धान?
हलत नाही, वाढत नाही,
उंदीर आला तरी पळत नाही.
श्वास घेतं, मी म्हणाले. अगदी हळू.
किती हळू?
मला आकडा आठवेना.
मी खडू बदलला.

तेव्हा डिलेश्वरी वलथरे बोलली,
जुलैपासून पहिल्यांदा, वहीकडेच बघत:
बोडी आटली का मासा चिखलात जाते, मॅडम.
वरून भेगा पडते. गुरं चालते त्याच्यावरून.
माझे बाबा टाचेनं दाबून पायते
आन् म्हणते, इथं आहे.
मेला नाही रायत.
थांबला रायते.

कुणी हसलं नाही.
ती बोडी खेमराजच्या खापरपणज्याने बांधली, असं त्याच्या घरी सांगतात.
त्यातला मासा तिच्या घरचा.
अकरावीपासून दोघं एकाच बसने येतात.
खेमराजने मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं
आणि विचारलं, कोणत्या कोपऱ्यात?
ती म्हणाली, तुले कायले सांगू?
तेव्हा मात्र सगळे हसले.

मी फळ्यावर लिहिलं: ग्रीष्मनिद्रा.
तिने अक्षर अक्षर उतरवून घेतलं.
ष्म तिने दोनदा खोडला.

परीक्षेत प्रश्न दुसरा:
सजीव आणि निर्जीव यांतील फरक, कोणतेही चार मुद्दे, गुण चार.
अठ्ठावीस उत्तरपत्रिकांत चार किंवा त्याहून कमी.
तिच्या उत्तरात पाचवा होता.
'सजीव थांबू शकतो.
निर्जीव थांबत नाही, तो तसाच असतो.'

नमुना उत्तरात हे नाही.
चौकटीत चारच गुण मावतात.
मी पाचव्यासमोर बरोबरची खूण केली,
लाल शाई, गुण नाही,
आणि नियामक विचारतील म्हणून
थोडा वेळ ती खूण कशी खोडता येईल ते बघत बसले.
खोडली नाही.

लाखांदूरची बस चाळीस मिनिटं उशिरा.
फाट्यावर मी एकटीच. चहाची टपरी बंद, एक कुत्रं,
रस्त्याकडेला आटलेल्या खड्ड्याच्या भेगा.
इकडेतिकडे पाहिलं,
उजव्या पायातली चप्पल काढली
आणि टाचेनं दाबून बघितलं.

कडक होतं. काही कळलं नाही.
जरा सरकून
पुन्हा दाबलं.