कालचं ऊन, बादलीभर

वही माझ्याकडे असते.
गटातल्या अकरा जणींत सातवी पास मी एकटी.
मागच्या पानांवर हप्ते, पुढच्या पानांवर पाणी.
भुसावळात उन्हाला शिव्या देत वाढले,
इथे ग्वाल्हेरीत त्याचा हिशेब ठेवते.

पडावाजवळचं एक लॉज पाडलं
तेव्हा त्याच्या गच्चीवरचा हीटर आम्ही
भंगाराच्या भावात उचलला.
वीस काचनळ्या, दोन तडकलेल्या.
इकराम मिस्त्री म्हणाले, अठरा पुरतील,
दोन भोकं बुजवतो, बुचांचे पैसे नकोत.
गुढा-गुढीच्या नाक्याचा चढ
आम्ही हातगाडी ढकलत चढलो,
टाकी रजईत गुंडाळलेली,
बाळंतिणीला घरी आणावं तशी.

स्लॅब गल्लीत एकाच घराला, अनुसया बगाडेच्या.
बाकी आम्ही पत्रेवाल्या.
तिनं छत दिलं आणि भाडं मागितलं:
रोजची पहिली बादली.
चार दिवस भांडलो.
पाचव्या दिवशी पाणी तापलं
आणि कशावरून भांडत होतो ते कुणी काढलं नाही.

सहा घरची भांडी करते मी.
सिटी सेंटरच्या बंगल्यात गिझर तीन,
पण घासायची जागा मागच्या चौकात,
तिथला नळ उघड्या टाकीचा.
मालकीण खिडकीतून विचारते,
फार गार आहे का गं?
काळजीनंच विचारते.
मी म्हणते, नाही.

आमच्या छतावर दिवसभर ऊन पडतं
तेव्हा मी तिथे नसते.
कुणाच्या तरी चौकात, सावलीत, उकिडवी.
पहाटे साडेचारला, काळोखात,
जिन्याखालचा नळ सोडते.
आधी येतं ते नळीत रात्रभर थांबलेलं गार.
ते वेगळ्या बादलीत, भांड्यांना.
मग हाताला कळतं.
वाफ दिसत नाही, दिवा नसतो,
पण बोटांच्या भेगा आधी चुरचुरतात, मग गप्प होतात.
कालचं ऊन.
मी न पाहिलेलं, माझ्याच नावावरचं,
खांद्यावरून खाली.

सिलेंडर सत्तावीस दिवस जायचा, आता अडतीस.
हेही लिहून ठेवलंय.

सात जानेवारी. सगळ्यांना एकेक.
नऊ. चंदा कुशवाह बाळंत झाली, मुलगी. तिला दोन.
दुसरी कुणाची, ते विचारू नये.
बारा. माकडांनी एक नळी फोडली. राहिल्या सतरा.
बाभळीच्या फांद्या लावल्या, माकडांनी त्यावर बसून दाखवलं.
चौदा. संक्रांत. प्रत्येकीच्या पोरांना एकेक तांब्या जास्त.
अनुसया वरून ओरडली, आता टाकी आटवा!
आटली नाही.

आणि पंधरापासून कोहरा.
पुस्तकात याला धुकं म्हणतात,
शब्द बरा आहे, पण अंगाला थोडका पडतो.
इथला किल्लाच गायब होतो,
एवढा मोठा किल्ला, दिवसभर नसतो.
सतरा नळ्या वर तोंड करून उभ्या,
आणि नळाला पाणी असं
की दात आपोआप मोजले जावेत.

सोळा. गार.
सतरा. गार.
अठराला अनुसया स्वतः खाली आली,
शालीतून फक्त नाक बाहेर,
म्हणाली, माझी पहिली बादली लिहू नकोस,
हे दिवस भाड्यात धरायचे नाहीत.
चंदाच्या पोरीसाठी मात्र
अकरा घरांतून आळीपाळीनं एकेक पातेलं
गॅसवर तापून गेलं.
ते वहीत नाही. ते उन्हाचं खातं नव्हे.

आज एकोणीस. पहाटे नळ सोडला, बंद केला.
रकाना रिकामा ठेवायला जीव होईना.
मागची पानं बघितली, हप्त्यांची,
तिथे कुणाचे पैसे राहिले की लिहितो तसंच लिहिलं:

ऊन, पाच दिवसांचं.
येणे बाकी.

मग गार पाण्यानंच तोंड धुऊन
कामावर निघाले.