चावीशिवाय

छताला भोक नको, उतरायच्या आधीच म्हणाली.
पत्र्याला भोक पडलं की तिथं मीठ घर करतं,
दोन वर्षांत बोट आरपार.

मनोरीची जसिंता. उत्तनच्या वळशानं आली
आणि कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत जीप अशी घुसवली
की भंगारवाल्याची हातगाडी आपसूक भिंतीला लागली.
सीटखाली वाळू, मागच्या हुकाला दोर,
दोराला वाळलेले खवले.

माझ्याकडे छताचे दिवे लावायला येतात ती पोरं वेगळी.
डोंगराच्या गप्पा, आठ-आठ दिवे,
आणि गाडी वर्षभर मॉलच्या तळघरात.
ही जीप रोज वाळूवरून होडी ओढते.
हिला फक्त उंची हवी होती:
बोनेटवरचा दिवा लाटेच्या पोटात जातो,
पुढचं काही नाही, नुसता फेस दिसतो.

मग पन्हाळीला क्लॅम्प. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
चार पंचावन्न, दोनशे वीस, भागिले बारा,
अठरा आणि वर थोडं.
फ्यूज पंचवीसचा, वायर चार स्क्वेअरची.
मुबीनला रिले पाढ्यासारखा पाठ आहे:
तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवे,
शहाऐंशीला स्विच, पंच्याऐंशी अर्थला.
दाराच्या रबरातून वायर आत घेण्याआधी
बाहेर एक झोळ सोडला, बोटभर.
छतावरचं पाणी झोळाच्या तळाशी येतं, विचार करतं,
आणि बाहेरच गळून पडतं.

स्विच इग्निशनवर टाकतो, मी म्हटलं,
म्हणजे चावी काढली की दिवे बंद. बॅटरी वाचते.
ती म्हणाली, चावी नसते.
म्हणजे?
नवरा दुपारी वाळूवर गाडी लावतो, होडीवर चढतो.
चावी त्याच्या खिशात. सवय.
रात्री मी गाडीत बसलेली
आणि चावी बारा वाव पाण्यावर.
दुसरी बनवून घ्या ना.
बनवली. तीही त्याच्याच खिशात सापडली.

मुबीन हसला, तीही हसली. मग थांबली.
थेट बॅटरीवरून द्या.
बॅटरी उतरेल, मी म्हटलं, सकाळी इंजिन लागणार नाही.
ढकलू. गावात खांदे आहेत.

थेट दिलं.

संध्याकाळी तीन दिवे पेटले, चौथा मेणबत्तीएवढा.
बल्ब बदलला. तेच.
मीटर लावला तर अर्थ खोटी,
रिंग रंगावर बसलेली.
पॉलिश पेपर घेतला.
आधी निघाला निळा, होडीचाच उरलेला असावा,
मग पांढरा, मग मिलिटरीचा शेवाळी
आणि त्यात अर्धा आकडा, सात किंवा एक.
त्याखाली उघडं लोखंड,
इतकं चकचकीत की मुबीन म्हणाला, नवी आहे उस्ताद.
रिंग कसली, वर बोटभर ग्रीस.
चौथा पेटला तो समोरच्या चाळीवर जाऊन आदळला.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टॉवेल सावरत
आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

काळी झाकणं चढवून दिली,
शहरात उघडे दिवे दिसले तर हवालदार पावती फाडतो.
तिनं नोटा मोजल्या, ओलसर, एकमेकींना चिकटलेल्या.
दोनशे कमी होते. राहू दे म्हटलं.

नंतरचा पावसाळा बंदीचा गेला.
नारळी पौर्णिमेनंतर कधी कधी रात्री शटर ओढताना
बारा व्होल्ट, अठरा अँपिअर, बॅटरी पंच्याहत्तरची,
किती तास पुरेल ते मनात मोजायचो.
चार म्हणा. फार तर चार.
थंडीत आणखी कमी.

मार्गशीर्षात फोन आला.
मागं वारा, कोणीतरी हाका मारतंय, इंजिन बंद.
तीन नंबरच्या दिव्यात पाणी शिरलंय, म्हणाली.
बाकी?
बाकी लागतात.
मी पुढचं विचारलं नाही.
घेऊन ये म्हटलं. गॅरंटीत आहे.
ती म्हणाली, आणते, पण आज नाही.
आज चावी नाहीये.